विच, वॉरलॉक आणि डिमनवाली लव्हस्टोरी वाचायची कशी

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. "ताई, तू दिलेलं पुस्तक सोडून दिलं मी. चाळीस पानं झाली तरी कळत नाहीये हा हीरो चांगला की वाईट. वॉरलॉक म्हणजे चेटक्याच ना? आणि ती चेटकीण. मग मी कुणाच्या बाजूने वाचू?" मी सरळ फोनच लावला आणि आम्ही दोघी साडेबारापर्यंत बोलत बसलो, शेवटी मावशी आतून ओरडली की झोपा आता, तेव्हा ठेवला. त्या तासाभरात जे बोलणं झालं तेच इथे नीट लिहून काढतेय, कारण हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या दोघींनी आणि एका मित्रानेही विचारलाय. पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे जादू, विच, डिमन असलेल्या जगातल्या प्रेमकथा, मी गेली बारा वर्षं वाचतेय, मनापासून वाचतेय, आणि मला खरंच वाटतं की यात अवघड असं काही नाहीये, फक्त आपण मराठी वाचक आपली भुतं सोबत घेऊन त्या पुस्तकात शिरतो आणि मग सगळा गोंधळ होतो.

शब्दाचं मराठी करायची घाई करू नका

सगळ्यात आधी हेच. विच हा शब्द दिसला की डोक्यात चेटकीण येते, चेटकीण म्हटलं की करणी, काळी बाहुली, लिंबाला टोचलेल्या टाचण्या. डिमन म्हटलं की राक्षस, म्हणजे मोठ्ठे सुळे आणि गडगडाटी हसणं. आता हे चित्र डोक्यात ठेवून तुम्ही पान उलटता आणि समोर येते एक तिशीची बाई, तिचं लहानसं औषधी पाल्याचं दुकान आहे, आजीचं कर्ज फेडायचंय, मांजर आजारी आहे, आणि तिला शेजारच्या माणसाबद्दल काहीतरी वाटायला लागलंय. जुळतच नाही ना. म्हणून पहिली पन्नास पानं शब्द आहे तसाच ठेवा, विच म्हणजे विच, डिमन म्हणजे डिमन. या पुस्तकात त्याचा अर्थ काय ते पुस्तकच सांगेल.

आणि एक गोष्ट मला इथेच सांगायचीय, ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे हा शब्द नुसता गोष्टीतला नाही. नंदुरबारकडे, सातपुड्यात, बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यासाठी आयुष्यं घातली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, एखादी व्यक्ती करणी करते असं पसरवणं, त्या नावाखाली तिला मारणं, तिची धिंड काढणं हे सगळं त्यात गुन्हा आहे. म्हणजे ज्या बाईला खऱ्या आयुष्यात डाकीण म्हणतात तिच्याकडे कसलीही शक्ती नसते, बहुतेक वेळा जमीन असते किंवा नवरा नसतो. कादंबरीतली विच ही कल्पनेतली आहे. या दोघींना एका शब्दात कोंबू नये असं मला फार वाटतं, आणि म्हणूनही मी विचचं चेटकीण करत नाही.

आता वॉरलॉक. हा तर सगळ्यात जास्त फसवणारा शब्द, कारण प्रत्येक लेखक तो आपापल्या सोयीने वापरतो. 1964 ला सुरू झालेल्या बिविच्ड या अमेरिकन मालिकेत वॉरलॉक म्हणजे सरळसरळ पुरुष विच, हिरॉइनचे वडीलच वॉरलॉक आहेत. 1998 च्या चार्म्ड या मालिकेत वॉरलॉक हा खलनायक, तो चांगल्या विचेसना मारून त्यांच्या शक्ती चोरतो. कॅसँड्रा क्लेअरच्या मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स या कादंबरीमालिकेत वॉरलॉक म्हणजे डिमन आणि माणूस यांचं मूल, अमर, अंगावर काहीतरी खूण असलेलं, आणि तिथला मॅग्नस बेन तर वाचकांचा प्रचंड लाडका आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा कल्पनेतल्या साहसांचा खेळ खेळणाऱ्यांना विचाराल तर ते म्हणतील वॉरलॉक म्हणजे कुठल्यातरी बड्या शक्तीशी करार करून जादू मिळवलेला माणूस. शब्द एक आणि माणसं चार प्रकारची! त्यामुळे माझी बहीण जेव्हा विचारत होती की चांगला की वाईट, तेव्हा त्याचं उत्तर शब्दात नव्हतंच.

पण मूळ शब्द माहीत असला तर मजा येते. जुन्या इंग्रजीत वॅरलोगा म्हणजे शपथ मोडणारा, दिलेला शब्द न पाळणारा, दगाबाज. पुढे स्कॉटलंडकडे तो जादू करणाऱ्या पुरुषाला चिकटला. आजही विक्का, म्हणजे विचक्राफ्टवर आधारलेला आधुनिक धर्म, मानणारे बरेच पुरुष स्वतःला वॉरलॉक म्हणवून घेत नाहीत, त्यांना तो अपमान वाटतो, ते विचच म्हणतात. आता हे डोक्यात ठेवून वॉरलॉक हीरोची कादंबरी वाचा, तुम्हाला जवळजवळ दर वेळी कुठेतरी एक शपथ सापडेल, मोडलेली किंवा मोडावी लागणारी. कुळाला दिलेला शब्द, मेलेल्या भावाला दिलेला शब्द, डिमनशी केलेला करार. ती शपथ सापडली की हीरो सापडला असं समजा. मी बहिणीला हेच सांगितलं, की तो चांगला की वाईट हे शोधू नकोस, त्याने कुणाला काय कबूल केलंय ते शोध.

डिमनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे आपल्याकडे एक चांगली किल्ली आहे. ग्रीक डायमॉन म्हणजे वाईटच असं नव्हतं, देव आणि माणूस यांच्या मधलं काहीतरी, कधी राखणारं, कधी घाबरवणारं. सॉक्रेटिस तर म्हणायचा की त्याच्या आत असा एक आवाज आहे जो त्याला चुकीचं पाऊल टाकताना अडवतो. पुढे ख्रिस्ती धर्माने ते सगळं सैतानाच्या खात्यात टाकलं. आता आमचं आजोळ सावंतवाडीकडचं, तिथे कुणालाही विचारा वेतोबा कोण. वेताळ म्हटलं की पुण्यामुंबईच्या माणसाला स्मशान आठवतं, पण आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार आहे, लोक त्याला केळी वाहतात आणि या मोठ्याच्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात. त्याची भीतीही वाटते आणि आधारही वाटतो. बस, चांगल्या लेखकाच्या हातातला डिमन हीरो असाच असतो, भीती आणि आधार एकाच ठिकाणी. राक्षस हा शब्द तिथे पुरतच नाही. सगळेच डिमन असे नसतात हे खरं, काही पुस्तकांत ते नरकातले शिंगवाले सरदार असतात, आणि तेही वाचायला मस्त असतात, पण मग लेखिका तसं स्पष्ट सांगते.

डिमनचाच एक इन्क्युबस नावाचा प्रकारही भेटेल, सक्युबस हे त्याचं स्त्रीरूप. लॅटिनमध्ये इन्क्युबारे म्हणजे वर पडून राहणं. रात्री जाग येते, हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, हा अनुभव जगभर आहे, आपल्याकडेही म्हणतात की छातीवर भूत बसलं होतं, डॉक्टर त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. युरोपात त्या अनुभवाला इन्क्युबस हे नाव मिळालं. आजच्या रोमान्समध्ये तो बहुतेक वेळा देखणा आणि एकटा असतो, दुसऱ्याच्या भावनांवर जगणारा, म्हणजे ज्याच्यावर प्रेम करेल त्यालाच तो कमजोर करणार.

नियम, किंमत आणि बंदी, या तीन गोष्टी वहीत लिहा

मी खरंच वही ठेवते. साधी शंभर पानी. नवीन मालिका सुरू केली की एका पानावर तीन प्रश्न, आणि उत्तरं जशी मिळतील तशी लिहीत जायची. जादू येते कुठून, म्हणजे जन्मजात की शिकून की करार करून. जादू वापरली की किंमत काय आणि ती कोण भरतं. आणि कुणाचं कुणाशी जमायला बंदी आहे आणि ती बंदी कुणी घातली.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. किंमत नसलेली जादू असलेलं पुस्तक मी शक्यतो पूर्ण करत नाही, कारण मग अडचण आली की मंत्र म्हटला की झालं, त्यात ना भीती ना माया. चांगल्या पुस्तकात प्रत्येक मंत्राला काहीतरी द्यावं लागतं, रक्त, झोप, आठवण, आयुष्याची वर्षं. आणि मग दोनेकशे पानांनी असा प्रसंग येतो की हीरोला वाचवायला हिरॉइनने ती किंमत भरायचीय, आणि तुम्हाला वहीतल्या त्या ओळीमुळे आधीच माहीत असतं की आता तिचं काय जाणार आहे. तिथे माझ्या डोळ्यात पाणी येतं. नियम नीट वाचला नसेल तर तोच प्रसंग नुसता फटाक्यांसारखा वाटतो.

उदाहरण देते. डेबोरा हार्कनेसचं अ डिस्कव्हरी ऑफ विचेस, 2011 चं पुस्तक, पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी बहुतेक हेच सुचवते. हिरॉइन डायना बिशप ही इतिहासाची अभ्यासक, विच घराण्यातली, पण लहानपणी आईवडील गेले तेव्हापासून तिने जादू नाकारलीय. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत ती एक जुनं हस्तलिखित मागवते, अॅशमोल 782, आणि तिथून सगळे तिच्या मागे लागतात, त्यात एक व्हॅम्पायर शास्त्रज्ञ, तोच हीरो. आता वहीतले तीन प्रश्न लावा. जादू येते रक्तातून. बंदी अशी की विच, व्हॅम्पायर आणि डेमन (डिमनचंच वेगळं रूप) यांनी आपसात मिसळायचं नाही, आणि ती बंदी राखायला नऊ जणांची एक पंचायत आहे, प्रत्येक जातीचे तीन तीन. पंचायत आणि जात हे शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण आंतरजातीय लग्नासाठी घरच्यांशी भांडलेल्या माझ्या एका मैत्रिणीने हे पुस्तक दोन दिवसांत संपवलं आणि म्हणाली, अगं यात जादू नसती तरी मला सगळं कळलं असतं. आणि तिथले डेमन नरकातले नाहीतच, ते अफाट बुद्धीचे, अस्वस्थ, कलाकार पिंडाचे लोक आहेत. म्हणजे परत तेच, शब्द तोच आणि अर्थ त्या पुस्तकापुरता.

अजून एक सांगते, अॅशमोल 782 ही लेखिकेच्या मनातली गोष्ट नाही. बोडलियनच्या जुन्या यादीत त्याची नोंद खरोखर आहे आणि ते हस्तलिखित खरोखर गायब आहे. हार्कनेस स्वतः इतिहासाच्या प्राध्यापक, त्या काळातलं विज्ञान आणि जादू हाच त्यांचा विषय. हे कळल्यावर मी ती लायब्ररीची पानं परत वाचली, फार सावकाश वाचली.

ही भयकथा नाही

आपल्यातले बरेच जण नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून मोठे झालेत, मीही. त्या वाचनाची एक सवय लागते, की अंधाऱ्या खोलीत काय आहे याकडे सगळं लक्ष, आणि शेवटी अंगावर काटा आला की वाचन सार्थकी लागलं. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये प्रेम हाच मुख्य रस्ता आहे, भीती त्या रस्त्यावरचे खड्डे. रोमान्स या प्रकाराची अट साधी आहे, प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. वाचक त्याला एचईए म्हणतात, हॅपिली एव्हर आफ्टर, आणि थोडं सैल असेल तर एचएफएन, म्हणजे सध्यापुरतं सुखी. मग कुणी म्हणतं की शेवट माहीतच असेल तर वाचायचं कशाला. अहो, आपण लग्नाला जातो तेव्हा लग्न लागणार हे माहीत असतंच की, तरी अंतरपाट दूर होताना मान वर करून बघतोच.

म्हणून वाचताना लक्ष कुठे ठेवायचं तर दोघांमधलं अंतर कशाने कमी झालं आणि कशाने परत वाढलं इथे. लढाईचा प्रसंग चालू असेल तरी बघा की लढाईआधी ती त्याला काय सांगत नव्हती आणि नंतर काय सांगितलं. लढाईचे डावपेच समजले नाहीत तर बिनधास्त पुढे जा, मी पण जाते. पण ते दोघं किचनमध्ये चहा करत बोलतायत ते पान कधीच गाळू नका.

वाचकांच्या बोलण्यातले दोनतीन शब्द माहीत असावेत म्हणून सांगते. स्लो बर्न म्हणजे मंद आचेवर, दीडदोनशे पानं नुसते बघतायत. एनिमीज टू लव्हर्स म्हणजे आधी वैर. फेटेड मेट्स म्हणजे नशिबानेच जोडी ठरवलेली, आपल्या भाषेत गाठ वरूनच बांधलेली. हा शेवटचा प्रकार जपून वाचायचा असतो, त्याबद्दल पुढे.

मंत्र काढून घेतला तर प्रेम उरतं का

हा प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारते. कारण या कथांमध्ये मन वळवायची साधनं खूप असतात, लव्ह पोशन, डिमनचा करार, मनातलं वाचणं, आठवण पुसणं, ग्लॅमर. ग्लॅमर हा शब्द आपण सिनेमाच्या पानावर वाचतो पण मूळचा तो जादूचाच, स्कॉटलंडमध्ये ग्रामर या शब्दाचं झालेलं रूप, कारण सामान्य लोकांना वाटायचं की ज्याला व्याकरण आणि पोथ्या वाचता येतात त्याला जादूही येणार, आणि जादूच्या पोथीला म्हणतात ते ग्रिमॉरही त्याच शब्दातून आलं. तर ग्लॅमर टाकणं म्हणजे समोरच्याला भलतंच दिसायला लावणं, नजरबंदी.

आता अशा जगात ती हो म्हणाली म्हणजे नक्की कोण हो म्हणालं? हा प्रश्न चांगल्या लेखिकेला पडलेला असतो आणि ती त्याचं उत्तर कथेत देते. हीरो मन वाचू शकतो पण तिच्या परवानगीशिवाय वाचत नाही, किंवा वाचतो आणि त्याचे परिणाम भोगतो. नशिबाची गाठ आहे पण मध्येच ती गाठ तुटते आणि मग दोघं स्वतःच्या मर्जीने परत येतात, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. याउलट हीरो चारशे वर्षांचा, ताकदवान, तो तिच्या घरात रात्री न विचारता येऊन उभा राहतो, तिचा फोन बघतो, कुणाशी बोलायचं ते ठरवतो, आणि पुस्तक त्याला काळजी म्हणतं. मला ते पटत नाही. डिमन असला तरी नाही पटत. असं पुस्तक वाचूच नका असं मी म्हणणार नाही, कल्पनेत माणूस खूप काही वाचतो आणि त्याचा त्याला आनंद मिळतो, पण वाचताना मनात जर टोचलं तर ते टोचणं दाबू नका, तुमचं बरोबर आहे. विशेषतः घरातल्या पंधरासोळा वर्षांच्या मुलीच्या हातात असं पुस्तक दिसलं तर ओढून घेण्यापेक्षा स्वतः वाचा आणि मग तिच्याशी या एका प्रश्नावर बोला.

इतिहास थोडासा तरी माहीत हवा

निम्म्या पुस्तकांत सेलम येतंच. त्यामुळे एवढं माहीत असू द्या. सेलम हे अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्समधलं गाव, 1692 मध्ये तिथल्या एका पाद्र्याच्या घरातल्या लहान मुलींना झटके यायला लागले आणि आरोप सुरू झाले. दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले, 19 जणांना फाशी दिलं, आणि जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने उत्तर द्यायला नकार दिला म्हणून अंगावर दगड ठेवून ठेवून मारलं. काही जण तुरुंगात मेले. जाळलं मात्र कुणालाच नाही. कादंबरीत सेलमच्या जाळलेल्या विचेस असा उल्लेख आला तर समजा लेखिकेने सवलत घेतली. इंग्लंडमध्येही विच ठरवलेल्यांना फाशी असायची, स्कॉटलंडमध्ये आणि जर्मनीकडे जाळायचे, स्कॉटलंडमध्ये बहुतेक वेळा आधी गळा आवळून.

सेलमच्या कोर्टाने पुरावा काय धरला माहितेय? तक्रार करणाऱ्या मुली म्हणायच्या की त्या बाईची छाया येऊन आम्हाला चिमटे काढते, आणि ती छाया फक्त आम्हालाच दिसते. हा पुरावा! आणि यावर माणसं लटकवली. पहिली फाशी 10 जूनला ब्रिजेट बिशपला झाली, वर सांगितलेल्या कादंबरीतली डायना बिशप तिच्याच वंशातली दाखवलीय, आता आडनाव वाचताना लक्षात येईल. आणि शेवटची राहिलेली एलिझाबेथ जॉन्सन, तिला दोषी ठरवलं होतं पण फाशी टळली होती, तिचं नाव अधिकृतपणे साफ व्हायला 2022 उजाडलं, तेही मॅसॅच्युसेट्समधल्याच एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला प्रकरण हातात घेऊन पाठपुरावा केला म्हणून. 1692 ते 2022, किती वर्षं झाली मोजा.

युरोपात साधारण 1450 ते 1750 या तीनेकशे वर्षांत चाळीस ते साठ हजार माणसं अशी मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे आणि त्यात बहुसंख्य बायका. 1486 च्या सुमाराचं मॅलियस मॅलेफिकारम हे हाइनरिख क्रामरचं पुस्तक, त्यात बायका मुळातच कशा सैतानाला लवकर वश होतात यावर पानंच्या पानं आहेत. 1590 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स नवी राणी घेऊन डेन्मार्कहून परत आला, समुद्रात वादळं लागली होती, आणि खापर बायकांवर फुटलं, नॉर्थ बर्विकचे खटले ते हेच. पुढे 1597 ला या राजाने स्वतःच डिमनोलॉजी नावाचं पुस्तक लिहिलं.

हे सगळं मी का सांगतेय, तर आजची विच रोमान्स लिहिणारी बाई या इतिहासाशी बोलत असते. ज्या बाईला शक्ती असल्याच्या नुसत्या संशयावरून मारलं, तिला ती खरोखर शक्ती देते, घर देते, मैत्रिणी देते, आणि वर तिच्यावर जीव टाकणारा माणूसही देते. सुरुवातीला मला ही पुस्तकं नुसती टाइमपास वाटायची, सेलमबद्दल वाचल्यावर नाही वाटली.

उच्चार आणि बारीकसारीक

सॅमहेन असं मी कितीतरी वर्षं मनात वाचत होते, ते साविन आहे, आयरिश सण, 31 ऑक्टोबरची रात्र, हॅलोविनचं मूळ. बेल्टेन 1 मेला. कोव्हन नाही, कवन, विचेसचा गट, आणि त्यात तेरा जण असतात हे तुम्हाला वाचायला मिळेल, ते 1662 च्या स्कॉटलंडमधल्या इझोबेल गाउडीच्या कबुलीजबाबात आहे आणि 1921 ला मार्गारेट मरे यांनी ते उचलून लोकप्रिय केलं. फॅमिलियर म्हणजे विचसोबत राहणारा प्राणी, बहुतेक वेळा मांजर, जुन्या खटल्यांत बेडूक आणि उंदीरसुद्धा. मांजर मरणार नाही ना हे आधी शोधून घ्या, मी घेते, मांजर मेलं तर मला पुढचं पुस्तक वाचवत नाही.

मालिका असेल, आणि ती बहुतेक असतेच, तर क्रम बघा. मालिका दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येक पुस्तकाला नवीन जोडी, पहिल्यातल्या हिरॉइनची बहीण दुसऱ्यात, भाऊ तिसऱ्यात, अशी कुठूनही धरली तरी चालते आणि प्रत्येक पुस्तक सुखात संपतं. दुसरीत एकच जोडी तीन-चार पुस्तकं चालते आणि मधली पुस्तकं अधांतरी सोडतात. हार्कनेसची अशीच आहे, 2011, 2012, 2014 अशी मूळ तीन पुस्तकं, पहिलं संपलं की लगेच दुसरं हातात हवं. मी पहिलं एसटीत संपवलं होतं आणि पुढचं सोबत नव्हतं, चिपळूणपासून घरापर्यंत नुसती खिडकीतून बाहेर बघत होते.

बेडरूमचे प्रसंग किती आणि कसे हेही पुस्तकापुस्तकात खूप बदलतं, काही पुस्तकं दार लावून घेतात, काही अजिबात नाही. तुम्हाला काय चालतं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, त्यात लाजायचं किंवा दुसऱ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. सुरुवातीलाच लेखिकेची सूचना असते की यात हिंसा आहे, अमुक आहे, ती वाचा. आणि किंडलवर फुकट सॅम्पल येतं ते आधी वाचा, सॅम्पल संपेपर्यंत जर कुणाची किंमत काय आणि बंदी कसली याचा सुगावाही लागला नसेल तर मी पुस्तक घेत नाही.

इंग्रजी अडलं तर प्रत्येक शब्दाला थांबू नका. मंत्र बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात किंवा लेखिकेने रचलेले असतात, ते कुणालाच कळायचे नसतात. झाडपाल्याची नावं मात्र बघा, मगवर्ट म्हणजे आपल्या दवण्याच्या जातकुळीतलंच, रोझमेरी, सेज, ही बघितली की तिच्या स्वयंपाकघराचा वास यायला लागतो.

पुस्तक संपलं की लगेच ठेवून देऊ नका, पहिलं प्रकरण परत वाचा. दहा मिनिटं लागतात. जी शपथ, जी बंदी, जी किंमत शेवटी फार मोठी झाली तिची एखादी ओळ तिथेच पडलेली असते, पहिल्या वेळी आपण तिच्यावरून निघून गेलेलो असतो. बहिणीने चाळिसाव्या पानापासून परत धरलं आणि गेल्या रविवारी संपवलं. तिचा मेसेज आला, ताई, तो पहिल्याच पानावर तिला नाव सांगत नाही ना, तेच होतं गं करारात, नाव सांगितलं की तो मोकळा पण शक्ती जाणार, आणि मी वाचताना वाटलं हा किती उद्धट आहे. खाली तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि कोपऱ्यात दुसऱ्या भागाचं नाव.